रेवड्यांवरच्या कुस्त्या

परवा ताईकडे गेलो होतो. जेवणं झाल्यावर भाच्याने मोठ्या कौतुकाने लॅपटॉप आणून माझ्यासमोर ठेवला. "मामा, हे बघ. सलग १८!" एज ऑफ एम्पायर्स २ मधे एकास एक सामने त्याने सलग १८ जिंकले होते. मी खूश. पाठ थोपटणार तेवढ्यात लक्षात आलं, गेल्या दिवाळीत ह्याचं रेटिंग १४०० च्या आसपास होतं आणि इथे समोरचे सगळे गडी ७००-८०० चे दिसताहेत. विचारलं, तर पठ्ठ्या अगदी सहज म्हणाला, "मुद्दाम हरत हरत खाली आलो ना! वर काय, निम्म्या वेळा हरायलाच होतं. खाली मजा येते."

त्यावर आमचं जे काही वाजलं ते शेवटी ताईने कॉफी आणून मिटवलं. पण माझं अजून मिटलेलं नाही, म्हणून इथे लिहितोय. ताई, तू हे वाचणारच आहेस, तर त्यालाही वाचायला दे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९९ साली आलेला खेळ. मधे बनवणारी कंपनी बंद पडली, २०१९ मधे नव्या रूपात परत आला, आणि आमच्यासारखे लोक अजून खेळताहेत. सुरुवातीला तुमच्याकडे एक गावठाण, तीन कामकरी आणि एक घोडेस्वार. समोरच्याकडेही तेवढंच. मेंढ्या खायच्या, लाकूड तोडायचं, शेती करायची, सोनं खणायचं, सैन्य उभारायचं आणि समोरच्याला संपवायचं. नकाशा मात्र अंधारात. आपला माणूस जिथे उभा आहे तेवढंच दिसतं, बाकी अंदाज.

आता बहुतेक लोक (आमच्या घरातले तर सगळेच) समजतात की ह्यातली मजा म्हणजे जिंकणं. किंवा मारामारी. किंवा ती चित्रं. मला सांगा, जिंकण्यातच मजा असती तर कॉम्प्युटरला सगळ्यात सोप्या पातळीवर ठेवून लोक जन्मभर जिंकत बसले नसते का? दोन दिवसात कंटाळा येतो.

मजा कशात आहे ते गेल्या आठवड्यातल्या माझ्या एका सामन्यावरून सांगतो. माझा घोडेस्वार समोरच्याच्या गावात डोकावून आला. दोन धनुर्धाऱ्यांच्या शाळा दिसल्या. थोड्या वेळात चार तिरंदाज येऊन माझ्या लाकूडतोड्यांना त्रास देऊ लागले. मी म्हटलं, कळलं बेट्या तुझं. तिरंदाजांवर उतारा म्हणजे स्कर्मिशर, छोटे भाले फेकणारे. डझनभर बनवले आणि ऐटीत निघालो. वाटेत त्याचे नाईट, चिलखतवाले घोडेस्वार, अंगावर आले आणि माझे बाराच्या बारा पोरं कापून काढली. त्याने तिरंदाज चारच बनवले होते, मला दाखवायला! तबेले गावाच्या पाठीमागे, जिथे मी गेलोच नाही.

हरलो. मग त्या सामन्याचं रेकॉर्डिंग लावून बसलो, आणि तेव्हा ट्यूब पेटली. माझ्या घोडेस्वाराने पहिल्याच फेरीत त्याची शेतं पाहिली होती. भरपूर शेतं. आता एका तिरंदाजाला लागतं २५ लाकूड आणि ४५ सोनं. अन्न शून्य. नाईटला लागतं ६० अन्न आणि ७५ सोनं, आणि त्याआधी पुढच्या युगात जायलाच ८०० अन्न. मग तिरंदाज बनवणाऱ्याला एवढी शेतं हवीत कशाला? उत्तर माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी पाहिलं नाही. रात्रीचा एक वाजला होता, मी एकटाच हसत होतो आणि बायको दारात उभी राहून माझ्याकडे काळजीने बघत होती. :)

ही मजा. समोर एक जिवंत माणूस आहे, तो मला ओळखतोय, मी काय समजेन ह्याचा अंदाज बांधतोय आणि मला खोटं दाखवतोय. भालेवाला घोड्याला भारी, घोडा तिरंदाजाला भारी, तिरंदाज भालेवाल्याला भारी ही सगळी मांडणी केलीय ती कशासाठी? तुम्हाला समोरच्याच्या मनात शिरावं लागावं म्हणून. आणि नेमकं हेच भाच्याने घालवलंय. ७०० वाल्यासमोर १४०० वाला काहीही बनवून जिंकतो. तिरंदाज बनव, घोडे बनव, डोळे मिटून बनव. तिथे बघायला जायची गरज नाही, ओळखायची गरज नाही, फसवायची तर नाहीच नाही. सगळे निर्णय फुकट! म्हणजे हा खेळ खेळतच नाहीये, नुसती बटणं दाबतोय.

आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड असतो. दुपारी आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग हळूहळू मोठ्या. हलगी वाजत असते आणि एखादा जुना पैलवान दोन पोरांचे हात धरून उभा राहतो, खांदे बघतो, मांड्या बघतो, मान हलवतो, तिसऱ्याला बोलावतो. जोड लावणं म्हणतात त्याला. जोड चुकली की लोकच ओरडतात. आता विचार करा, वरच्या कुस्तीतला गडी गुपचूप येऊन रेवड्यांच्या रांगेत बसला तर? लोक त्याला हलगीच्या तालावर गावाबाहेर काढतील.

इंटरनेटवर जोड लावायला तो जुना पैलवान नाही, तर रेटिंग आहे. पद्धत मूळची बुद्धिबळाची. अर्पाड एलो नावाचे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत फिजिक्स शिकवणारे प्राध्यापक होते, त्यांची. अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने ती १९६० मधे घेतली, फिडेने १९७० मधे. तिचं गणित सांगतं की दोघांचे गुण सारखे असतील तर दोघांनाही निम्मी संधी. २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याला साधारण शंभरात ७६, ४०० चा असेल तर ९१. भाचा ६०० ने वर बसलाय, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. "निम्म्या वेळा हरायलाच होतं" ही त्याची तक्रार म्हणजे खरं तर यंत्र नीट चालू असल्याची पावती आहे.

त्याचंही म्हणणं होतं, ते सांगायला हवं. "मामा, वर खेळताना टेन्शन येतं. हात गार पडतात." हे खोटं नाही, माझेही पडतात. पण का पडतात? कारण त्या चार आकड्यांकडे तो मार्कशीट म्हणून बघतो. वाढले तर हुशार, घटले तर घरी बोलणी. आणि ताई, रागावू नकोस, पण हे त्याला कुणी शिकवलं? पहिलीपासून "कितवा नंबर?" हा एकच प्रश्न विचारलाय आपण त्याला, मी धरून. तो आकडा तुझी किंमत सांगायला नाहीच रे बाबा, तुझी जोड लावायला आहे.

आणि मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. २००२ साली हॉस्टेलवर आम्ही वायर टाकून हाच खेळ खेळायचो. मी माझ्या बरोबरीच्यांशी खेळायचं टाळायचो. पहिल्या वर्षाचा एक मुलगा होता, नुकताच शिकलेला, त्याला रोज रात्री पाच-सहा वेळा हरवायचो. तो वहीत लिहून घ्यायचा, किती मेंढ्या, किती लाकूड... मी काहीच सांगायचो नाही त्याला. महिनाभराने तो यायचा बंद झाला. मी सगळ्यांना सांगत फिरलो की त्याला खेळ झेपला नाही. त्याच्या जागी दुसरा पहिल्या वर्षाचा शोधला. त्या हॉस्टेलमधला मी जिंकलेला एकही सामना मला आज आठवत नाही, वही मात्र आठवते. निळ्या पुठ्ठ्याची होती.

असो. तर कॉफी येईपर्यंत मी भाच्याला एवढंच म्हटलं, ह्या अठरातला एक सामना सांग, काय झालं ते. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, यादी वर-खाली केली. "म्हणजे... गेलो आणि मारलं." बरं, दुसरा? "तसंच."

मग विचारलं, वर असताना शेवटचा कुठला हरलास?

पोरगं मांडी घालून सरसावून बसलं. समोरच्याने टेकडी कशी धरली, टेकडीवरून २५ टक्के जास्त मार बसतो म्हणून ह्याने खाली थांबायचं कसं ठरवलं, मग मागून रान तोडून वाट कशी काढली, आणि तिथे पोचल्यावर बघतो तर समोरच्याने ते आधीच ओळखून भिंत घातलेली! हे सांगताना त्याने ताईच्या टीपॉयवर बिस्किटांची भिंत उभी केली, माझा कप उचलून टेकडी म्हणून मधोमध ठेवला. वीस मिनिटं चाललं होतं. कॉफी तशीच टेकडीवर गार झाली.