निवडलेल्या देठांचा जमाखर्च

भाजी निवडताना जे देठ आणि बुडखे बाजूला पडतात, त्यांपासून घरीच पुन्हा भाजी पिकवावी, असे अलीकडे सर्वत्र सांगितले जाते. मात्र या विषयावरील बहुतेक सूचना कांद्याच्या पातीपासून सुरू होतात आणि लसूण, आले, गाजर, बीट यांच्यापाशी संपतात. ज्या स्वयंपाकघरात कंदमुळांना प्रवेशच नाही, तेथील भगिनींना या यादीचा काय उपयोग? आपल्या घरातील यादी निराळी आहे आणि तिचा हिशेबही निराळाच मांडावा लागतो.

कंद इतक्या सहजपणे उगवतो, कारण ते त्या वनस्पतीचे अन्नाचे कोठार असते. माती नसली तरी साठवलेल्या शिदोरीवर त्याला कोंब फुटतो. ‘जीवविचार’ आणि ‘गोम्मटसार’ या ग्रंथांत साधारण वनस्पतीची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत ‘छिन्नरुह’, म्हणजे तोडल्यावर पुन्हा उगवणे, हेही एक आहे. म्हणून पुढे सांगितलेल्या वनस्पतींपैकी कोणती घ्यावी आणि कोणती टाळावी, हे प्रत्येक कुटुंबाने आपल्या नियमांनुसार ठरवावे. शंका असल्यास गुरुजनांना विचारावे.

या यादीत पहिला मान पुदिन्याचा. जुडीतील चार-पाच इंच लांबीच्या जाडसर काड्या वेगळ्या काढाव्यात. पेराच्या किंचित खाली स्वच्छ काप द्यावा, खालची पाने काढून टाकावीत आणि काड्या दोन इंच पाण्यात उभ्या ठेवाव्यात. साधारणतः आठ-दहा दिवसांत पेरांपाशी पांढरी मुळे दिसतात. मग पसरट कुंडीत, अर्धवट उन्हात त्या लावाव्यात. पुदिना आडवा पसरतो; त्याला खोल कुंडीपेक्षा रुंद कुंडी मानवते. मायाळूच्या वेलाचा वीतभर तुकडाही असाच मुळे धरतो आणि आधार मिळताच खिडकीच्या गजांवर चढतो. ओव्याच्या पानांची फांदी तर थेट ओलसर मातीत खोचली तरी पुरते. गवती चहाची काडी मात्र बुंध्यासह मिळाली तरच लागते. केवळ पात्यांना मुळे फुटत नाहीत.

कोबीच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवाव्यात. बुडखा उथळ पाण्यात ठेवल्यास काही दिवसांत वर कोवळी पाने येतात. परंतु बशीतल्या बुडख्यावर नवा गड्डा धरत नाही. मुळांसह आलेल्या पालकाचेही तसेच. बुंधा मातीत लावला तर थोडी पाने मिळतात आणि मग तो फुलोऱ्यावर जातो. मुद्दलातील थोडे परत मिळाले, एवढेच त्याचे मोल समजावे.

खरा नफा बियांत आहे, आणि त्या आपल्या डब्यांत आधीच आहेत. धण्याचा एक दाणा म्हणजे वस्तुतः दोन बिया असतात. लाटणे हलके फिरवून दाणे दुभंगावेत, रात्रभर भिजवावेत आणि पेरावेत. उगवण्यास आठ-दहा दिवस लागतात. सव्वा-दीड महिन्यात कोथिंबीर कापणीस येते. मेथी तीन-चार दिवसांत मातीबाहेर डोकावते आणि तीन-चार आठवड्यांत खुडता येते. दाणे मात्र भाजलेले नसावेत. वाळलेल्या लाल मिरचीतील बियाही उगवतात. टोमॅटोच्या बियांभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखतो; म्हणून बिया राखेत चोळून, गाळणीत धुऊन सावलीत वाळवाव्यात. टोमॅटो संकरित जातीचा असेल, तर नव्या रोपाची फळे मूळ फळासारखीच येतील याचा भरवसा नसतो.

येथे पुष्कळांची निराशा होते ती दुधी, दोडका, भेंडी आणि काकडी यांच्या बाबतीत. आपण ही फळे कोवळी पाहून घेतो आणि कोवळ्या फळातील बी अपक्व असते. ती कितीही जपून पेरली तरी उगवत नाही. लाल भोपळा पिकल्यावरच विक्रीस येतो. त्याच्या बिया उगवतात, परंतु वेलाला गच्ची किंवा अंगण हवे.

या उद्योगातील सर्वांत महत्त्वाची बाब मात्र पाण्याची आहे. पेल्यात साठलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यू पसरविणारा डास अंडी घालतो आणि उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो. म्हणजे आपण मुळांची वाट पाहत असतो, तेवढ्याच काळात तेथे दुसरी जीवसृष्टीही वाढू शकते. नंतर फवारणी करून जीवहिंसा करण्यापेक्षा ती वेळच येऊ न देणे, हीच खरी जयणा. यासाठी पाणी गाळून घ्यावे, ते दररोज बदलावे, पेला प्रत्येक वेळी आतून घासावा आणि त्याच्या तोंडावर पातळ मलमल बांधून काडी तिच्यातून वर काढावी. जुने पाणी मोरीत न ओतता कुंडीतील मातीला द्यावे. मुळे दिसली की काडी विनाविलंब मातीत लावावी. कुंडीखालच्या ताटलीतही पाणी साचू देऊ नये.

ऋतूचेही भान हवे. चातुर्मासात अनेक घरांत पालेभाजी बंद असते. तेव्हा कुंड्या, माती आणि सुके खत यांची तयारी करून ठेवावी. कार्तिकी पौर्णिमेनंतर हवा थंडावू लागते. कोथिंबीर, मेथी आणि पालक यांना तीच मानवते, आणि नियमही त्या सुमारास पूर्ण होतात. उन्हाळ्यात पेरलेली कोथिंबीर लवकर फुलावर जाते. तिथी पाळणाऱ्या घरांनी खुडणी आदल्या-मागल्या दिवसाला धरून करावी.

खिडकीतील चार कुंड्यांनी महिन्याची भाजी भागत नाही, हे आधीच मान्य करावे. चटणीपुरता पुदिना, फोडणीवर भुरभुरण्याइतकी कोथिंबीर आणि एखाद्या सायंकाळी मायाळूची भजी, एवढाच हा व्यवहार. परंतु जी कोथिंबीर आपण दीड महिना पाणी घालून वाढवली, तिची अर्धी जुडी शीतकपाटात सडू देण्यास हात धजत नाही. घरातील मुलांनाही बी पेरण्यापासून ताटापर्यंत लागणारा काळ डोळ्यांनी दिसतो. लागेल तेवढेच घ्यावे आणि घेतलेले वाया जाऊ देऊ नये, हा आपल्या घरांचा जुना शिरस्ता; तो पुढच्या पिढीला शब्दांनी शिकविण्यापेक्षा एका कुंडीने अधिक सहज शिकविता येईल.