कासरा कोणाच्या हाती?



आज खते आणि फवारणी बाजूला ठेवतो. गेल्या आठवड्यात वरवट बकालला एका वावरात कपाशीची शेतीशाळा होती. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे कसे बांधायचे, डोमकळी कशी ओळखायची हे सांगून झाले. मग चहा आला आणि गप्पांची गाडी भलत्याच वाटेला लागली. शेजारच्या एका गावात सरपंचपद महिलेसाठी राखीव निघाल्याची कोणी तरी बातमी काढली. त्यावर धुऱ्यावर बसलेले एक पिकल्या मिशांचे आबा म्हणाले, "साहेब, गावाचं ठीक हाय. पन देश चालवाले मानूसच पायजे. बाईच्या हाती कासरा देल्ला त बैल तासात नाई, धुऱ्यावर जातेत."

सगळे हसले. खरे सांगतो, मीही हसलो. निंदण सोडून चार बाया सापळा पाहायला आल्या होत्या. त्यांतली एक पदर सावरत म्हणाली, "आबा, कासरा त मी बी धरतो. गेल्या साली आमच्या वावरात डवरा कोनं हाकलला, तुमीच सांगा."

आबांनी कपातला चहा संपवला. उत्तर काही दिले नाही.

देशाचा पुढारी निवडताना बाई की पुरुष, हे पाहावे का? आबांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्यातले पुष्कळजण मनातून तसेच समजतात, फक्त बोलत नाहीत. म्हणून म्हटले, आज यावरच लिहू.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. १२ जानेवारीला आपल्या गावांतून गाड्या भरून लोक सिंदखेडराजाला जातात. १५९८ साली लखुजी जाधवांच्या घरी तिथे जिजाऊ जन्मल्या. आपण त्यांना शिवरायांची आई म्हणून हात जोडतो, ते योग्यच आहे. पण शहाजीराजे दूर दक्षिणेत असताना उजाड पडलेली पुण्याची जहागीर पुन्हा वसवण्यात त्यांचा हात होता. पुढे १६६६ साली महाराज आग्र्याला गेले, कैदेत पडले. परत येतील की नाही याचा भरवसा नव्हता. अशा वेळी मागे राज्याचा कारभार जिजाऊंच्या देखरेखीखाली चालला. धनी नाही, शत्रू दारात, आणि राज्य हातचे जाऊ द्यायचे नाही. यापेक्षा अवघड कासरा कोणता? आईपण आपण लक्षात ठेवले, कारभार मात्र विसरलो.

ताराबाईंचेही तसेच. १७०० साली राजाराम महाराज वारले, तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आसपास होते. समोर खुद्द औरंगजेब. १७०७ साली तो दक्षिणेतच मेला, पण मराठ्यांचे राज्य काही त्याला बुडवता आले नाही.

तुम्ही म्हणाल, ही राजघराण्यातली माणसे, त्यांना लोकांनी कुठे निवडले होते? मग निवडलेल्यांचे पाहू. जगातली पहिली महिला पंतप्रधान १९६० साली शेजारच्या श्रीलंकेत झाली, सिरिमावो बंदरनायके. आपल्याकडे १९६६ साली इंदिराबाई आल्या. त्या वेळी त्यांच्याच पक्षातल्या जुन्या जाणत्यांना वाटले होते, बाई आहे, सांगू तसे ऐकेल. पुढे काय झाले ते आपल्या वाडवडिलांनी पाहिले. १९७१ च्या युद्धाला त्या डगमगल्या नाहीत. त्याच बाईंनी १९७५ साली आणीबाणी आणली आणि माणसे तुरुंगात घातली. १९७७ साली लोकांनी त्यांना घरी बसवले, रायबरेलीची त्यांची स्वतःची जागाही गेली. १९८० साली त्याच लोकांनी त्यांना परत आणले. त्यांना पाडले ते बाई म्हणून नव्हे, आणि परत आणले तेही बाई म्हणून नव्हे. शाळेची पायरी न चढलेल्या मतदारानेही कामाचाच हिशेब केला.

यात आणखी एक गोष्ट आली. बाई म्हणजे मवाळ, बाई म्हणजे मायाळू, तिच्या हाती सत्ता गेली की सगळे गोडीगुलाबीने होईल, असे सांगणारेही भेटतात. तेही मला पटत नाही. इंग्लंडच्या थॅचरबाईंनी १९८२ साली फॉकलंड बेटांसाठी युद्ध केले. आणीबाणीचे तर वर सांगितलेच. बाई आहे म्हणून मत देऊ नका, हे जितके चूक, तितकेच बाई आहे म्हणूनच द्या, हेही चूक. बियाण्याच्या पिशवीवरचे चित्र पाहून आपण बियाणे घेत नाही, उगवण पाहतो.

आता जवळचे उदाहरण. मलकापूर ओलांडून पुढे गेले की मुक्ताईनगर लागते, जुने नाव एदलाबाद. प्रतिभाताई पाटील १९६२ साली जळगावातून पहिल्यांदा आमदार झाल्या, वय अवघे सत्तावीस. १९६७ पासून १९८५ पर्यंत त्यांनी एदलाबादचे प्रतिनिधित्व केले. पुढे १९९१ साली अमरावतीतून त्या लोकसभेत गेल्या आणि २००७ साली देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. म्हणजे आपल्याच शेजारच्या केळी-कपाशीच्या मुलखाने एका बाईला वर्षानुवर्षे निवडून दिले, आणि त्या मुलखाचे बैल काही धुऱ्यावर गेले नाहीत. गोव्यात शशिकला काकोडकर १९७३ ते १९७९ मुख्यमंत्री होत्या. महाराष्ट्र मात्र १९६० पासून आजवर एकाही बाईला त्या खुर्चीवर बसवू शकलेला नाही. जिजाऊंचे नाव घेतल्याशिवाय आपले भाषण सुरू होत नाही आणि अवस्था ही.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. दोन वाणांची तुलना करायची असली तर आम्ही चांगली काळी जमीन एकाला आणि भरड जमीन दुसऱ्याला देत नाही. चिठ्ठ्या टाकून वाफे वाटतो, तेव्हा कुठे फरक खरा की खोटा ते कळते. पुढाऱ्यांची अशी चाचणी घेता येईल का? आली, आणि ती सरकारने न ठरवता घडवली. १९९३ च्या घटनादुरुस्तीने देशभर ग्रामपंचायतींत एक तृतीयांश जागा बायकांना राखून ठेवल्या. (आपल्या राज्याने २०११ साली त्या निम्म्या केल्या.) कोणते गाव राखीव निघायचे हे गावाच्या मर्जीवर नव्हते, आळीपाळीने ठरत होते. म्हणजे वाफे चिठ्ठीनेच वाटल्यासारखे झाले. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या दोन अभ्यासकांनी बंगालमधला बीरभूम जिल्हा आणि राजस्थानातला उदयपूर जिल्हा घेतला. राखीव आणि बिनराखीव पंचायतींचे काम त्यांनी शेजारी शेजारी ठेवून मोजले. ते २००४ साली छापून आले. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी निघाली. जिथे बाई प्रमुख होती, तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झाले.

का, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. आपल्या संग्रामपूर तालुक्यातला बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही, त्यात शिजायला लावलेली डाळ शिजत नाही. मूत्रपिंडाच्या आजाराने किती घरे खचली ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्या पाण्यासाठी हंडा कोणाच्या डोक्यावर होता? ज्याच्या डोक्यावर हंडा, त्याला टाकीचे महत्त्व आधी कळते. बाई शहाणी आणि पुरुष अडाणी, असा याचा अर्थ नाही. तिची वाट विहिरीवरून जाते, त्याची जात नाही, एवढाच अर्थ. म्हणून पुढारी निवडताना बाई-पुरुष पाहू नये असे मी म्हणतो खरा, पण पंगतीत सगळे वाढपी एकाच घरचे असले तर कोणाच्या पानात काय कमी पडले ते त्यांना दिसत नाही, हेही विसरून चालत नाही.

त्याच बीरभूममध्ये पुढे आणखी एक गंमत केली गेली. एकच भाषण, शब्दही तेच. एकदा पुरुषाच्या आवाजात भरले, एकदा बाईच्या, आणि गावकऱ्यांना ऐकवून विचारले, पुढारी कसा वाटतो? ज्या गावांनी महिला प्रमुख कधी पाहिली नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या भाषणाला कमी गुण दिले. ज्या गावांनी महिला प्रमुखाचा कारभार पाहिला होता, तिथे हा फरक जवळजवळ मिटला होता. मात्र त्याच गावांतल्या पुरुषांना सरळ विचारले, की तुम्हाला पुढारी कोण आवडेल, तर ते अजूनही पुरुषच म्हणत होते. आवड सुटली नाही, पण पारख सुधारली. माझ्या मते एवढेही पुष्कळ झाले.

"साहेब, बाई सरपंच नावालाच असते, कारभार नवराच करते," हे तुम्ही म्हणणार, माहीत आहे. मी पाहिलेले आहे. एका गावच्या ग्रामसभेत खुर्चीवर बाई आणि मागे उभा राहून उत्तरे देणारा नवरा. मी विहिरीच्या योजनेचे विचारले, बाईंनी तोंड उघडले, तोच नवरा म्हणाला, "तिला काय माहीत, मले विचारा." पण हा दोष कोणाचा, हेही नीट पाहू. त्या दिवशी मीसुद्धा मान वळवून नवऱ्याकडेच पाहिले होते.

माझी दुसरी चूक तर याहून मोठी. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी घरोघर जाई आणि दारातून विचारी, "मालक आहेत का?" एका मालकाला मी हरभऱ्याच्या बियाण्याला रायझोबियम कसे चोळायचे ते अर्धा तास समजावले. गुळाचे पाणी किती, सावलीत किती वेळ वाळवायचे, सगळे सांगितले. पेरणीच्या दिवशी मालक बाजारात गेले आणि पेरणी बाईंनी उरकली. महिन्याने गेलो तर पाकीट देवळीत जसेच्या तसे. बाई म्हणाल्या, "मले कोनं सांगतलं होतं?" त्यांचे खरे होते. ज्या हाताने पेरणी व्हायची, त्या हाताला मी काहीच सांगितले नव्हते.

दिल्लीतही सध्या असेच चालले आहे. २०२४ च्या निवडणुकीत लोकसभेच्या ५४३ जागांवर ७४ बाया निवडून आल्या. आपल्या राज्यातून ४८ पैकी ७. २०२३ साली एक तृतीयांश जागा राखून ठेवणारी घटनादुरुस्ती झाली, पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावरच ती लागू होईल अशी अट कायद्यातच घातली आहे. वाट पाहण्यात आपण तरबेज आहोतच. तरी शेतकऱ्याच्या बायका वाट पाहत बसल्या नव्हत्या, हे सांगितले पाहिजे. १९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन भरले. पंचायत राज्याच्या निवडणुकांत बायकांनी स्वतः उभे राहायचे, असे तिथे ठरले. पुढे जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावात सबंध पॅनेलच बायकांचे आले. तोवर राखीव जागांचा कायदा नव्हता. त्यानंतर 'लक्ष्मी मुक्ती' मोहिमेत कित्येक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करून दिला. तुमच्या सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत, ते एकदा काढून पाहा.

शेतीशाळा संपली तेव्हा मी हजेरीपट तपासला. एकवीस नावे, सगळी पुरुषांची. त्या चार बाया परत निंदायला निघाल्या होत्या. त्यांना थांबवले आणि म्हटले, नावे सांगा. कासऱ्याची गोष्ट काढणारी बाई लाजली आणि आपल्या नवऱ्याचे नाव सांगून म्हणाली, "त्याईची बायको लिहा न साहेब."

मला १९५२ ची पहिली निवडणूक आठवली. म्हणजे ऐकलेली, त्या वेळी मी जन्मलो नव्हतो. तेव्हा मतदारयादी करताना सुमारे २८ लाख बायकांनी, बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या, आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच. ती सगळी नावे यादीतून कमी करावी लागली.

मी पेन तिच्या हातात दिले. बाविसाव्या ओळीवर तिने सावकाश, एकेक अक्षर जोडत, आपले नाव लिहिले. बाकीच्या तिघी तिच्या खांद्यावरून पाहत उभ्या होत्या.

पुढच्या आठवड्यात तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीबद्दल.