विजेचाही केसपेपर हवा

थर्मामीटर न लावता ‘ताप फार आहे’ म्हणणारा डॉक्टर कोणाला पटेल? रुग्णालयाच्या विजेबाबत मात्र आपण बिलाचे रुपये पाहूनच ‘फार झाले’ म्हणतो. दर बदलतात, म्हणून मोजावेत ते युनिट. वर्षभराचे युनिट भागिले इमारतीचे चौरस मीटर, एवढाच हिशेब. १,००० चौरस मीटरला ६०,००० युनिट लागले, तर आकडा ६०. जनरेटरची आणि सौर पॅनेलची वीजही त्यात धरावी.

तुलना मात्र जपून करावी. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय आणि खालापूर तालुक्यातील चौकचे ग्रामीण रुग्णालय एका तराजूत तोलू नये. खाटा वेगळ्या, कामाचा व्याप वेगळा. म्हणून दर खाटेमागचा आकडाही काढावा आणि प्रत्येकाने आधी स्वतःच्याच मागील वर्षाशी ताडून पाहावा. शिवाय एक्स-रे यंत्र बंद पडले तरी आकडा उतरतो; ती काटकसर नव्हे, रुग्णाची गैरसोय. लसींचा फ्रीज २ ते ८ अंशांवर राहिलाच पाहिजे. बचत करावी ती रिकाम्या खोलीतील पंख्यांत.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालीच झाला. आता रुग्ण कल्याण समितीने दरमहा हे आकडे फळ्यावर लिहावेत. आधी निदान, मग औषध!