मानधन नव्हे, वेतन हवे

बालमनाचा अभ्यास ही विद्यापीठांची मिरासदारी आहे, असा समज सुशिक्षितांत रूढ आहे. ताराबाई मोडक यांनी तो खोटा ठरविला. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत सिद्ध केलेले बालमानसशास्त्र ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या वारली मुलांपर्यंत नेले. महागडी साधने टाळून त्यांनी शिंपले, बिया, खडे वापरले. मूल शाळेत येऊ शकत नसेल, तर शाळेनेच त्याच्या अंगणात गेले पाहिजे, या विचारातून अंगणवाडी जन्मली. अनुताई वाघ यांनी ते कार्य पुढे चालविले.

१९७५ साली केंद्राने एकात्मिक बालविकास योजना आरंभिली आणि अंगणवाडी देशभर पसरली. सरकारने विचार स्वीकारला. तो राबविणाऱ्या स्त्रीला मात्र कर्मचारी मानले नाही. वाशिम जिल्ह्यात आईबाप सोयाबीनच्या शेतात राबत असताना बालमनाची पहिली मशागत सेविकाच करते. तिच्या पदरी पडते ते ‘मानधन’. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली तिचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. मग वेतनाचा का नाही?

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. त्यांच्या वारसदारांना गौरव नको, श्रमाचे मोल हवे. ही मागणी गावोगावी नेणे हे कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे.