काचेवरचं आचमन

माणसाची परीक्षा संकटात होते म्हणतात. मोटारीची मात्र काच धुण्याच्या फवाऱ्यात होते, असं माझं ठाम मत आहे. आमच्या मोटारीत बटण दाबलं की 'घुर्र' असा आवाज व्हायचा आणि मुंजीतल्या बटूने सोडावं तेवढं पळीभर पाणी बॉनेटवर पडायचं. काचेचा त्याच्याशी काही संबंध नसे.

"त्यात काय एवढं? पाणीच तर आहे!" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाशी माझं आज जाहीर भांडण आहे. या सद्गृहस्थांनी एकदा संध्याकाळी ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने काशीगावला यावं. गायमुखाच्या घाटात मावळता सूर्य थेट डोळ्यांत, पुढे धूळ उधळणारा डंपर आणि काचेवर दिवसभराची माती. मी बटण दाबलं. पळीभर पाणी आलं आणि वायपरने ते मातीत कालवून अंगणासारखी काच सारवली. त्या सारवणापलीकडे मोटारसायकल आहे, हे मला ती हातभर अंतरावर असताना कळलं. ब्रेक लागला म्हणून हा लेख मी लिहितोय. नाहीतर माझ्यावर दुसऱ्याने लिहिला असता!

मेरी अँडरसनबाईंनी वायपरचं पेटंट घेतलं १९०३ साली. आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही वायपर आहे. पण पाण्यावाचून वायपर म्हणजे चुन्यावाचून पान.

गॅरेजवाल्याने बॉनेटला हातही न लावता निदान केलं, "पंप गेला, साहेब. नवा टाकू." अहो, बँकेत संध्याकाळी कॅशमध्ये फरक निघाला तर कोणी 'कॅशियर बदला' म्हणत नाही. एकेक व्हाउचर उलटं तपासत जातात!

मी तेच केलं. आधी टाकी भरली, कारण कोरडा पंप चालवला तर तो खरोखरच जातो. मग तोटीपाशी नळी सोडवली आणि सौ.ला बटण दाबायला सांगितलं. धार सरळ माझ्या चष्म्यावर! पंप जिवंत, नळी निर्दोष, फरक तोटीत. इथेही धार मंद असती तर मागेमागे जायचं: नळी दुमडली आहे का, चिरली आहे का, सांध्यातून निसटली आहे का, टाकीच्या तळाची जाळी शेवाळाने तुंबली आहे का. पंपाचा नंबर सगळ्यात शेवटी.

तोटीच्या सुईएवढ्या भोकात पांढरे क्षार साचले होते. टँकरचं जड पाणी त्या टाकीत इतकी वर्षं कोण ओतत होतं? अस्मादिक! तोटी काढून व्हिनेगरमध्ये भिजवली (नूडल्सचा बेत रद्द झाल्याचं सौ. अजून ऐकवते), उलट्या बाजूने फुंकर मारली आणि टाचणी अगदी हलक्या हाताने फिरवली. जोर लावला तर भोक मोठं होतं आणि धार भलतीकडेच जाते. आता टाकीत फिल्टरचं पाणी असतं.

तेव्हा गॅरेजवाल्यांनो, आधी बॉनेट उघडा, मग आमचं पाकीट. आणि मालकांनो, घाटात नव्हे, घराच्या दारात बटण दाबून बघत जा.

परवा मी तसं बघितलं. फवारा टपावरून मागे गेला आणि शेजाऱ्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर उतरला. ते भडकले. मी काच खाली करून शांतपणे म्हटलं, "त्यात काय एवढं? पाणीच तर आहे!"