दोन विमानतळ आणि बंद आभाळ

परगावी निघालेल्या माणसाला आपण ‘किती किलोमीटर’ असे सहसा विचारत नाही; ‘किती तास लागतात’ असे विचारतो. हाच प्रश्न अधिक शहाणपणाचा आहे, हे फिनलंडच्या लोकांना 2022 साली चांगलेच कळले.

हेलसिंकी ते टोकियो हे अंतर पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजले, तर सुमारे 7,800 किलोमीटर भरते. हा दोरा बहुतेक सगळा रशियावरून, सायबेरियावरून जातो. फिनएअरचे विमान याच वाटेने साडेनऊ तासांच्या आसपास टोकियोला पोचत असे. युरोपातून अतिपूर्वेकडे जाण्याची जवळची वाट आपल्या दारावरून जाते, या एका भौगोलिक भाग्यावर 55 लाख वस्तीच्या त्या देशाने आपल्या विमान कंपनीचा सारा संसार मांडला होता.

फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली. युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले. रशियाने दुसऱ्याच दिवशी परतफेड केली. विमानतळ जागच्या जागी राहिले आणि प्रवास तेरा तासांचा झाला. टोकियोहून युरोपला, म्हणजे पश्चिमेला, निघालेले विमान आधी पूर्वेकडे तोंड करून पॅसिफिकवर जाऊ लागले. अलास्काच्या बाजूने वर चढायचे आणि उत्तर ध्रुवावरून खाली हेलसिंकीला उतरायचे. वाट सुमारे 13,000 किलोमीटरची! जपानवरून पूर्वेकडे धावणारा उंचावरचा वेगवान वारा पाठीशी मिळतो, एवढाच काय तो दिलासा. ध्रुवाकडची थंडी अशी की, टाकीतले इंधन गोठू नये म्हणून वैमानिकाला त्याच्या तापमानावर डोळा ठेवावा लागतो.

बरे, ही वाट नवीही नाही. 1983 साली फिनएअरने टोकियोची थेट सेवा सुरू केली ती ध्रुवावरूनच, कारण सायबेरियाची जवळची वाट तेव्हा सोव्हिएत संघाने मोकळी केली नव्हती. तेव्हाही तेराच तास लागत. चाळीस वर्षांत विमाने सुधारली, इंजिने सुधारली. प्रवाशाच्या पदरात काय पडले? ध्रुव ओलांडल्याचे एक प्रमाणपत्र. फिनएअर ते खरोखरच देऊ लागली.

आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक राष्ट्राचा पूर्ण हक्क, हे 1944 च्या शिकागो कराराने मान्य केले आहे. युद्धभूमीवरून प्रवासी विमान नेऊ नये, हेही खरे; 2014 साली युक्रेनवर मलेशियाचे विमान पाडले गेले, ते विसरता येत नाही. पण सायबेरियात कुठे युद्ध होते? तिथले आकाश मिटले ते उट्टे काढण्यासाठी. तेही सर्वांना नव्हे. चिनी आणि भारतीय विमाने त्यानंतरही तिथून जात राहिली.

म्हणून आपण फिनलंडकडे परक्यासारखे पाहण्याचे कारण नाही. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, पाठोपाठ भारतानेही तेच केले. दिल्लीहून अमेरिकेला निघालेल्या एअर इंडियाच्या काही विमानांना वळसा घेऊन इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावे लागले. भांडण दोन सरकारांचे. सुजलेले पाय घेऊन खुर्चीत बसून राहिली ती लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई.