वाढीव हमी : सुरक्षितता की भीतीचे मोल?

समजा, चंदीगडच्या सेक्टर १७ मध्ये ४०,००० रुपयांचा दूरचित्रवाणी संच घेताना विक्रेत्याने ४,००० रुपयांत दोन वर्षांची वाढीव हमी सुचविली. दुरुस्तीचा संभाव्य खर्च १२,००० रुपये धरल्यास, तीनपैकी एक संच बिघडला तरच हा व्यवहार बरोबरीत सुटतो. पुनर्खरेदी योजनेची रक्कमही बहुधा नव्या खरेदीतच वळती होते. अकस्मात खर्च ज्यांना पेलवणार नाही, त्यांनी हमी अवश्य घ्यावी; मात्र अटी वाचाव्यात, पावती जपावी. दावा नाकारला गेल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचे दार खुले आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीवरील तक्रारीस तेथे शुल्क नाही. इतरांनी तेच ४,००० रुपये मुदत ठेवीत गुंतवावेत. संच न बिघडल्यास ते व्याजासह आपलेच राहतात.